माटवीखाली सगळ्यांना जागा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी कोकणातला घरचा गणपती पाहिलाय? तिथे गणपतीच्या डोक्यावर चक्क रान टांगतात! थट्टा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या घराघरांत गणपती बसतो त्या जागेवर, छताला एक लाकडी चौकट असते. आडव्याउभ्या पट्ट्यांची, जाळीसारखी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिला आंब्याचे हिरवेगार टाळे बांधतात. मग त्या टाळ्यांमधून नारळ, सुपारीचे घोस, तवशी, चिबूड, दोडकी, लालभडक रानटी कवंडळं, तेरड्याची फुलं असं काय काय लोंबू लागतं. हीच माटवी. गोव्यात तिला माटोळी म्हणतात आणि तिथे माटोळ्यांची राज्यपातळीवर स्पर्धाही होते. भाद्रपदात शेतात, परसात, रानात जे जे पिकतं ते आधी देवापुढे मांडायचं, अशी ही जुनी रीत. माटवी म्हणजे त्या गावच्या पावसाळ्याचं प्रदर्शनच म्हणा ना!

२०२४ च्या गणपतीला मी कुडाळजवळच्या एका गावी गेले होते. तिथे माझ्या धाकट्या बहिणीचं सासर आहे. कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, मागे माडा-पोफळीची बाग आणि बागेपलीकडे व्हाळाचं खळाळतं पाणी. चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, पण आम्ही ४ तारखेलाच तिथे हजर! तीन दिवस आधी कशासाठी? तर आमच्या भाचेरावांसाठी.

भाचेराव

भाचेराव सात वर्षांचे आहेत. कोकण रेल्वेची स्टेशनं त्यांना क्रमाने पाठ आहेत. आंबोळी आवडते, पण चटणी तिला लागलेली चालत नाही. ते फार कमी बोलतात. आनंद झाला की दोन्ही हात पाखरासारखे हलवतात. आमचे भाचेराव स्वमग्न आहेत. इंग्रजीत याला ऑटिझम म्हणतात.

स्वमग्नता हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. ती एकाची दुसऱ्याला होत नाही, आणि आईबाबांनी लाड केले किंवा रागे भरले म्हणूनही होत नाही. अशा मुलांचा मेंदू जन्मापासूनच जरा वेगळ्या रीतीने काम करतो. आपल्या डोळ्यांना, कानांना, नाकाला, त्वचेला सतत काही ना काही जाणवत असतं. त्यातलं नको ते आपला मेंदू गुपचूप बाजूला सारतो. आत्ता वाचताना डोक्यावरच्या पंख्याचा आवाज तुमच्या लक्षातही आला नसेल. काही स्वमग्न मुलांना मात्र तो पंखा, बाहेरची रिक्षा, शर्टाच्या मानेला टोचणारी चिठ्ठी आणि बाईंचा आवाज हे सगळं एकदम, सारख्याच जोराने जाणवतं. विचार करा, दहा रेडिओ एकाच वेळी लावले तर कसं वाटेल?

अमेरिकेत टेम्पल ग्रँडिन नावाच्या शास्त्रज्ञ आहेत. त्यांचा जन्म १९४७ चा. गुरं कशाला बिचकतात याचा त्यांनी मोठा अभ्यास केला. त्या स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी शाळेची घंटा झाली की दाताच्या डॉक्टरांचं यंत्र नसेला लागल्यासारखं दुखायचं, असं त्यांनी लिहिलं आहे. आपल्याला घंटा झाली की सुट्टीचा आनंद, आणि त्यांना कळ!

सगळी स्वमग्न मुलं एकसारखी नसतात, हेही ध्यानात ठेवा. एखाद्याला लखलखाट सहन होत नाही, तर दुसरा चमचमणाऱ्या कागदाकडे तासभर बघत बसतो. एखाद्याला चिखलाचा स्पर्श नको असतो, दुसऱ्याला तोच हवाहवासा वाटतो.

२०२३ साली भाचेराव गणपतीला गावी गेले होते. घरात रंगीबेरंगी पळते दिवे होते, आरतीला आठ-दहा झांजा होत्या आणि दारात फटाक्यांची माळ लागली. भाचेराव कान दाबून रडत राहिले. दुसऱ्याच दिवशी बहीण आणि मेहुणे त्यांना घेऊन ठाण्याला परतले. गणपती पाच दिवसांचा, आणि घरचा नातू एका दिवसात परत! आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या, ते मनाला फार लागलं. या वर्षी त्यांनी महिनाभर आधीच फोन करून बजावलं होतं, “यंदा माझो नातू पाचय दिवस हय रवाक होयो.”

बोगद्याने शिकवलेला धडा

आम्ही ठाण्याहून सकाळची गाडी धरली. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. तिच्या वाटेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांब! गाडी आत शिरली की अंधार होतो आणि खडखडाट दुप्पट होतो. मला वाटलं, आता भाचेरावांचं कठीण आहे.

पण बहिणीने आधीच तयारी केली होती. तिने पुठ्ठ्याची एक लांब पट्टी करून तिच्यावर क्रमाने चित्रं चिकटवली होती. ठाण्याचं स्टेशन, गाडी, खिडकी, बोगदा, डबा, पुन्हा बोगदा, कुडाळ, तात्यांचं घर. जे होऊन गेलं त्या चित्रावर भाचेराव एक चिमटा सरकवत होते. बोगदा जवळ आला की बहीण बोटाने चित्र दाखवायची आणि म्हणायची, “आता अंधार. मग उजेड.” भाचेराव कानावर मोठे जाड कानझाकण चढवायचे. गाणी ऐकायचं नाही, नुसता आवाज अडवणारं. बोगदा संपला की काढून ठेवायचे. करबुड्याच्या बोगद्यात त्यांनी आईचा हात घट्ट धरला, पण रडले नाहीत.

मी शेजारी बसून हे बघत होते. बोगद्याचा आवाज काही कमी झाला नव्हता. पण तो कधी येणार आणि कधी संपणार, हे भाचेरावांना ठाऊक होतं. मोठ्या आवाजाहून अचानक आलेला आवाज वाईट! परीक्षेची तारीख आधी कळली तर आपण अभ्यास करतो, आणि बाईंनी अचानक पाटी काढायला सांगितली की पोटात गोळा येतो. तसंच हे.

गणपतीची शाळा

कोकणात गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या जागेला काय म्हणतात, माहीत आहे? ‘शाळा’! मला तर हे नाव फारच आवडलं. सगळे विद्यार्थी गप्प, सरळ बसलेले आणि सगळे हुशार!

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या भाचेरावांना या शाळेत घेऊन गेले. गर्दी व्हायच्या आधी, आठ वाजता. ओल्या मातीचा आणि रंगाचा वास येत होता. मूर्तिकार शेवटचा हात म्हणून सोंडेवरची नक्षी रंगवत होते. भाचेराव दाराशीच थांबले. कोणी ‘चल, चल, नमस्कार कर’ असं म्हटलं नाही. तात्यांनी लांबूनच आपली मूर्ती दाखवली, आणि दादाने, म्हणजे आठवीतल्या चुलतभावाने, तिचा फोटो काढला. तो फोटो संध्याकाळी चित्रांच्या पट्टीवर जाऊन बसला. आता चतुर्थीला घरात येणारे पाहुणे भाचेरावांच्या ओळखीचे झाले होते.

रानातलं सगळंच चांगलं?

घरी येऊन बघतो तो दादा आणि पाचवीतली ताई यांनी ओटीवर माटवीचं सामान पसरून ठेवलं होतं. घसघशीत सुपारीचे घोस, चार असोले नारळ, चिबूड, कवंडळं. एका टोपलीत लिंबाएवढी गोल, गुळगुळीत फळं. दुसऱ्या टोपलीत लाल-पिवळी, ज्वाळेसारखी वर वळलेल्या पाकळ्यांची सुंदर फुलं. शिवाय ताईने लाल-काळ्या गुंजांची एक माळ ओवली होती.

“प्लास्टिक नाही, थर्माकोल नाही. सगळं रानातलं!” ताई अभिमानाने म्हणाली.

अभिमान योग्यच होता. थर्माकोलच्या वस्तूंवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. थर्माकोलला थर्माकोल घासला की जो कर्रकर्र आवाज येतो तो आपल्यालाही नकोसा होतो. भाचेरावांना तर त्याने शहारेच येतात. शिवाय त्याचे बारीक दाणे तोंडात, नाकात जायची भीती. तो गेला हे उत्तमच झालं.

पण मुलांनो, रानातलं म्हणजे निर्धोक, असं मात्र नाही हं! ती गोल फळं काजऱ्याची होती. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्निन नावाचं जहाल विष असतं. ती ज्वाळेसारखी फुलं कळलावीची. कोणी तिला अग्निशिखाही म्हणतात. तिचा कंद सगळ्यांत विषारी, पण वेलीचे बाकीचे भागही विषारीच. गुंजेची बी अख्खी असते तोवर टणक असते. ती चावून फोडली तर आतलं विष जिवावर बेततं. लाल कवंडळ दिसायला गोड, पण कडूजहर, मुळीच खायचं नाही. आणि तुम्ही ज्या बिट्ट्यांनी खेळता ना, त्या पिवळ्या कण्हेरीच्या बियाही विषारीच.

गावातल्या मुलांना हे लहानपणापासून माहीत असतं. तात्या म्हणाले, चालायला लागल्यापासून आम्हाला सांगितलं जायचं, ‘काजऱ्याक हात लावशीत तर बघ!’ पण भाचेराव नवी वस्तू आधी ओठांना लावून बघतात. काही स्वमग्न मुलं मोठी झाली तरी वस्तू तोंडाने ओळखतात. कोणी माती, कागदही खातात. ‘नको’ म्हटलं की लगेच थांबतील, असं त्यांच्या बाबतीत धरून चालता येत नाही. शिवाय घरोघरी रांगणारी बाळंही असतातच की!

शेजारच्या काकी माटवी बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, काजरो आणि कळलावी नसली तर माटवी कसली? आमच्या आजेसासूबाईंपासून बांधतायत.” खोटं नव्हतं ते. एवढ्या वर्षांची रीत एका दिवसात बदलायची कशी? सगळे तात्यांकडे बघू लागले.

तात्यांनी थोडा वेळ पानाला चुना लावला. मग म्हणाले, “देवाक पान-फूल पुरे. पोराच्या जिवापरास मोठा मखर खयचा?”

कळलावी आणि काजरा दोन्ही टोपल्या कुंपणाबाहेर गेल्या. गुंजांची माळ ताईने बरणीत घालून, झाकण घट्ट लावून, तात्यांच्या कपाटात ठेवली. मग सगळ्यांनी हात साबणाने धुतले. कवंडळं ठेवायची ठरलं, पण माटवीच्या अगदी मधोमध, उंच, आणि दोन-दोन दोऱ्यांनी बांधून. पिकून गळायला लागलेली घ्यायची नाहीत.

चितार आळीतली फळं

आता काजऱ्याच्या जागी काय बांधायचं? ताईचा चेहरा उतरला होता. तेव्हा माई, म्हणजे आजी, म्हणाल्या, “सावंतवाडीला जाऊन या.”

कुडाळहून सावंतवाडी एसटीने तासाभराच्या आत येते. गावाच्या मध्यभागी मोती तलाव आहे आणि त्याच्या काठावर भोसले संस्थानिकांचा राजवाडा. हातांनी रंगवलेले गोल गंजिफाचे पत्ते तिथे आजही तयार होतात. पण आम्हाला जायचं होतं चितार आळीत. सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळीकडे प्रसिद्ध आहेत, आणि त्यातही लाकडी फळं! आंबा, केळं, सीताफळ, काजूचं बोंड, फणस, मिरची, वांगं. टोपलीत ठेवली तर पाहुणा हात घालेल आणि फसेल. पूर्वी त्यांसाठी मुख्यतः पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत.

ताईने बोंड, आंबा, डाळिंब आणि सीताफळ निवडलं. भाचेरावांनी एक लाकडी केळं हातात घेतलं ते सोडलंच नाही! गुळगुळीत, थंड, ना बोचणारं ना चिकट. गालाला लावून झालं, वास घेऊन झाला. दुकानदारकाका हसून म्हणाले, “घेऊ दे हो त्याला.”

खरेदी करताना दोन गोष्टी मात्र आम्ही पाहिल्या. पहिली, रंग. ओल्या रुमालाने पुसून बघितलं. रंग रुमालाला लागला तर वस्तू परत. आणि न लागला तरी रंगवलेली वस्तू चोखायला द्यायची नाही. दुसरी, आकार. दुकानात बोराएवढी इवली इवली फळंही होती. ती घेतली नाहीत. खेळणी तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीचं एक नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू अख्खी मावते ती तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकते, असं समजतात. वस्तू तोंडात घालणाऱ्या मोठ्या मुलांसाठीही हाच नियम बरा.

माटवी सजली

६ तारखेला माटवी बांधायला घर गोळा झालं. नारळ टांगायचे म्हणजे जोखमीचं काम. डोक्यावर दोन किलोचं वजन! तात्यांनी चौकटीच्या चारही बाजूंचे दोर बदलले आणि प्रत्येक कोपरा खाली ओढून पाहिला. नारळ मागच्या, भिंतीकडच्या बाजूला बांधले. तिथे खाली कोणी उभं राहत नाही. सगळी बांधणी सुंभाने झाली आणि सुंभाची टोकं कापून टाकली. खाली लोंबणारा फास किंवा वेटोळं मुलाच्या मानेला अडकू शकतं, म्हणून एकही दोरी भाचेरावांच्या हाताला लागेल इतकी खाली ठेवली नाही.

पण सगळंच वर टांगलं तर भाचेरावांना काय मिळणार? म्हणून ताईने एक ‘हातमाटवी’ केली. ही तिची स्वतःची कल्पना. जुन्या सुपात तिने आंब्याची पानं, एक तवसं, शहाळं, भाताच्या लोंब्या आणि ते लाकडी केळं मांडलं. सूप ओटीवर, भाचेरावांच्या पाटाशेजारी ठेवलं. वरची माटवी बघायची, खालची चाचपायची. आणि गंमत अशी, की भाचेरावांना सगळ्यांत आवडला तो वरचा सुपारीचा घोस. वारा आला की त्याची सावली भिंतीवर डोलायची. ती बघत ते हात हलवत राहिले.

दिव्यांचा तह

आता राहिले दिवे. दादाने स्वतः साठवलेल्या पैशांतून पळत्या दिव्यांची माळ आणली होती. लाल, निळा, हिरवा, भराभर उघडझाप करणारी. त्यातून आरतीची चालही वाजायची! ती लावायची नाही म्हटल्यावर तो रुसला. का रुसू नये? सण त्याचाही होता.

मग वाटाघाटी झाल्या. माळेच्या डबीला बटण होतं. ते दाबून त्याने उघडझाप बंद केली, आणि आवाजाची तार त्याच्या काकांनी तोडून टाकली. राहिले नुसते स्थिर दिवे. त्यांवर त्याने ताडाच्या पानांची छोटी छोटी टोपडी घातली. उजेड मऊ झाला, डोळ्यांत घुसेनासा झाला. बाहेरच्या तुळशीपाशी मात्र त्याने दुसरी माळ लावली. ती भाचेराव झोपल्यावर, नऊनंतर पळायची. दोघेही खूश!

झपाझप उघडझाप करणाऱ्या उजेडाने काही मुलांना फिट येऊ शकते, आणि स्वमग्न मुलांत फिटचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो. म्हणून हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

पणतीसारखे दिसणारे छोटे प्लास्टिकचे दिवे बाजारात मिळतात ना? आगीची भीती नाही म्हणून आपण ते बिनधास्त लावतो. पण त्यांच्या पोटात बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजू लागतं. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर असा दिवा लहान मुलांच्या घरात नकोच. खऱ्या समईसाठी तात्यांनी जागा शोधली ती मूर्तीच्या मागे, उंच फळीवर. काही स्वमग्न मुलांना चटका लवकर जाणवत नाही, हात मागे घ्यायला उशीर होतो. आणि कापूर! पांढऱ्याशुभ्र वड्या, अगदी खडीसाखरेसारख्या. पण एखादी वडी पोटात गेली तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. कापराची डबी माईंच्या कनवटीला गेली.

कणगीमागचा कोपरा

चतुर्थीला गणपती आले. चित्रांच्या पट्टीवर चिमटा सरकला. मूर्ती, पूजा, मोदक, आरती. आरतीच्या चित्राखाली बहिणीने पाच ठिपके काढले होते. एक आरती झाली की एक ठिपका खोडायचा. म्हणजे हा बोगदा किती लांब आहे, ते कळावं!

घरातल्या आरतीला झांजा नव्हत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याही बोटांवर बोटं मारून. झांजा, मृदंग आणि रात्रीचं भजन बाहेर खळ्यात झालं, दार ओढून घेऊन. वाडीतली भजनी मंडळी घरोघर फिरतात. त्यांना कळावं म्हणून ताईने फाटकाला शेरवडाची पांढरी पानं बांधली आणि मंडळींना सांगून आली, ‘पांढरं पान दिसलं की वाजवत आत यायचं नाही.’ लोक मोठे समजूतदार. कोणी हसलं नाही.

घरात भाताची कणगी होती, पुरुषभर उंच. तिच्यामागे माईंनी एक जड गोधडी, उशी आणि पाण्याचा तांब्या ठेवला. ही भाचेरावांची जागा. तिथे कोणी बोलवायला जायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खाऊ घेऊन मागे लागायचं नाही. जड पांघरुणात गुरफटून बसलं की काही मुलांना शांत वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी रस्त्यावर फटाक्यांची माळ लावली. न सांगता. भाचेराव किंचाळले, स्वतःचा हात चावला आणि कणगीमागे धावले. तासभर बाहेर आले नाहीत. त्या रात्रीची आरती त्यांच्याशिवायच झाली. बहिणीने काही न बोलता पिशवी जवळ ओढली. तात्या पाठमोरे होऊन माटवीकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती सुरू झाली. दुसरा ठिपका खोडला गेला, तेव्हा उंबऱ्यापाशी कानझाकण घातलेले भाचेराव येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. गणपतीकडेही त्यांनी फारसं पाहिलं नाही. ते वर बघत होते, सुपारीच्या घोसाकडे. पाचवा ठिपका पुसेपर्यंत ते तिथेच होते. तात्यांच्या आरतीचे शब्द मात्र मध्येच चुकले. माईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ उचलून धरली.

भाचेराव पाचही दिवस राहिले. विसर्जनाला व्हाळावर गेले नाहीत, घरीच हातमाटवीतला भात मोजत बसले. पण राहिले!

तुमच्या घरी काय कराल?

तुमच्याकडे माटवी नसेल, मखर असेल, दिवाळीचा कंदील असेल, नाताळचा तारा असेल. शेजारी, वर्गात, नात्यात एखादा स्वमग्न मित्र किंवा मैत्रीण असेल, तर एवढं नक्की करा.

१. सजावट करायच्या आधी त्याच्या आईबाबांना विचारा, ‘याला काय आवडतं? कशाचा त्रास होतो?’ तो स्वतः सांगू शकत असेल तर त्यालाच विचारा.

२. सजावट एका रात्रीत उभी करू नका. रोज थोडी थोडी करा, त्याला बघू द्या. ओळखीचं घर एका रात्रीत अनोळखी झालं तर तो गोंधळतो.

३. घरातली एक खोली किंवा कोपरा नेहमीसारखाच ठेवा, सजावटीशिवाय.

४. दिवे स्थिर ठेवा. उघडझाप नको, आपोआप वाजणारं काही नको.

५. जमिनीवर गुडघे टेकून बसा आणि त्याच्या उंचीवरून खोलीकडे पाहा. हाताला काय लागतंय? तोंडात काय मावेल? काय ओढलं तर डोक्यावर पडेल?

६. हात लावायला चालेल असं काहीतरी त्याच्यासाठी खाली ठेवा.

७. फुलं-फळं रानातून आणलीत, तर गावातल्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय वापरू नका.

८. फटाके, ढोल, आरती, काहीही मोठ्याने वाजणार असेल तर आधी सांगा. ‘आता आवाज. मग शांत.’

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलाने विषारी फळ किंवा बी खाल्ल्याची, कापूर किंवा सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी ताबडतोब दवाखान्यात न्या. घरी ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. जे खाल्लं असेल त्याचा नमुना सोबत घ्या, डॉक्टरांना त्याने मदत होते. आणि आपल्याकडे आलेलं एखादं मूल नमस्कार न करता आत पळालं, प्रसाद घेतला नाही, कान दाबून बसलं, तर त्याच्या आईला शिस्तीचे धडे देऊ नका. कोपऱ्यात एक सतरंजी टाका आणि दिवा थोडा मंद करा.

मुलांनो, यंदाच्या सणाला तुम्ही सजावटीत असा काही बदल केलात, तर तो काय केला आणि कुणासाठी केला, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. सोबत चित्रही पाठवा. आणि हो, काजऱ्याला हात लावू नका!